गोळी, गाळ आणि गर्भ

(डॉ. कमला सोहोनी यांच्या स्मृतीला वाहिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



डॉ. कमला सोहोनी यांनी ज्या प्रक्रियेचा अभ्यास केला ती बटाट्याच्या पेशीत चालते, या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या स्नायूंत चालते आणि मुंबईत कुर्ल्याच्या अंगाने वाहणाऱ्या मिठी नदीच्या पाण्यातही चालते. अन्नाचे विघटन करायचे, त्यातली ऊर्जा मोकळी करायची, तिच्या जोरावर शरीराचे घटक घडवायचे आणि उरलेले बाहेर टाकायचे, या साऱ्या रासायनिक उलाढालीला चयापचय म्हणतात. आजचा विषय तोच आहे. कमलाबाईंच्या कामापासून निघून तो कुर्ल्यात येऊन पोचतो.

१९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. लेखिका दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या बहिणीने ठिय्या दिला आणि अटींवर का होईना, प्रवेश मिळवला. दूध आणि कडधान्ये यांतल्या प्रथिनांवर काम करून १९३६ मध्ये त्यांनी एमएस्सी पूर्ण केली. पुढे त्या केंब्रिजला गेल्या. पेशींच्या श्वसनात भाग घेणारे सायटोक्रोम हे रंगद्रव्य डेव्हिड केइलिन यांनी १९२५ साली जगापुढे आणले होते. बटाट्यावर प्रयोग करता करता कमलाबाईंनी दाखवले की, वनस्पतीच्या प्रत्येक पेशीत सायटोक्रोम-सी असते आणि ते ऑक्सिडीकरणात भाग घेते. या कामावर १९३९ साली त्यांना पीएचडी मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या.

या सगळ्यात एक दुवा सहसा सांगितला जात नाही. बंगळूरला जीवरसायनाच्या ज्या विभागात कमलाबाई शिकल्या, त्याची पायाभरणी गिल्बर्ट फाउलर यांच्या काळात झाली. फाउलर मूळचे मँचेस्टरचे आणि त्यांचा विषय सांडपाणी. १९१४ साली मँचेस्टरमध्ये एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी सांडपाणी शुद्ध करण्याची सक्रिय गाळाची पद्धत मांडली, तिच्यामागची प्रेरणा फाउलर यांची होती. हवा खेळवलेल्या पाण्यात जिवाणूंचा गाळ वाढवायचा आणि त्याच्याकडून मैला खाऊन घ्यायचा, अशी ही पद्धत. आज जगभरची शुद्धीकरण केंद्रे बहुतांशी तिच्यावर किंवा तिच्या सुधारित रूपांवर चालतात. म्हणजे ज्या परंपरेत सांडपाण्यातल्या जिवाणूंचा आहार अभ्यासला गेला, त्याच परंपरेत माणसाच्या आहारातली प्रथिनेही अभ्यासली गेली. पुढे या वाटा फुटल्या. माणसाचे चयापचय वैद्यकीय महाविद्यालयांकडे गेले, पाण्याचे चयापचय अभियांत्रिकीकडे. त्या पुन्हा जुळल्या पाहिजेत आणि त्यासाठी कुर्ल्यासारखी जागा शोधून सापडणार नाही, हे या व्याख्यानाचे म्हणणे आहे.

श्वास मोजण्याच्या दोन तऱ्हा

आगीच्या ठिकाणी माणसे रांगेत उभी राहून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देतात, तसे पेशीत इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे जातात. रांगेच्या टोकाला ऑक्सिजन उभा असतो. तो इलेक्ट्रॉन स्वीकारतो आणि त्याचे पाणी होते. या देवघेवीत सुटणाऱ्या ऊर्जेवर पेशी आपले इंधन, म्हणजे एटीपी, तयार करते. सायटोक्रोम-सी याच रांगेतला, शेवटाकडचा एक गडी. माणसात ही रांग तंतुकणिकांमध्ये, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांत असते. जिवाणूंना तंतुकणिका नसतात, त्यांची रांग पेशीच्या पटलातच मांडलेली असते. घटक थोडे बदलतात, तत्त्व तेच राहते.

टोकाला ऑक्सिजन असल्यामुळे चयापचय मोजण्याची सोपी वाट निघाली. किती ऑक्सिजन खर्च झाला ते पाहा, म्हणजे किती अन्न जळले ते कळेल. १७८२-८३च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी गिनीपिगला बर्फाच्या कप्प्यात ठेवले आणि त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळला ते मोजले. श्वसन हे संथ ज्वलन आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आजही अतिदक्षता विभागातल्या रुग्णाची ऊर्जेची गरज नेमकी काढायची असेल, तर त्याने घेतलेला ऑक्सिजन आणि सोडलेला कार्बन डायऑक्साइड मोजतात.

नदीचे मोजमापही असेच होते. पाण्याचा नमुना बाटलीत बंद करून ठेवायचा आणि त्यातल्या जिवाणूंनी ठरावीक दिवसांत किती ऑक्सिजन संपवला ते पाहायचे. या आकड्याला जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजेच बीओडी म्हणतात. मूळ ब्रिटिश पद्धतीत ही चाचणी पाच दिवसांची होती आणि पुढे ती २० अंश सेल्सिअसवर करणे रूढ झाले. आपल्याकडे पाणी उबदार, जिवाणू चपळ, म्हणून भारतात ती २७ अंशांवर तीन दिवस करतात. आंघोळीच्या पाण्यासाठी बीओडीची मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम आहे. घरगुती मैलापाण्याचा बीओडी सर्वसाधारणपणे २०० ते ३००च्या घरात असतो.

या आकड्यांचा अर्थ एका हिशेबाने उलगडतो. ३० अंश तापमानाला स्वच्छ पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. म्हणजे २०० बीओडीचे एक लिटर मैलापाणी सुमारे २७ लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा ऑक्सिजन खाऊन टाकते. पावसाळा सरल्यावर मिठीत वरून येणारे स्वच्छ पाणी जवळजवळ थांबते, मैलापाणी मात्र रोज येत राहते.

मिठीचा गाळ काय करतो

विहार तलाव १८६० साली बांधून झाला आणि मुंबईला नळाचे पाणी मिळू लागले. विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्याचे पाणी म्हणजे मिठी. सुमारे १८ किलोमीटरच्या प्रवासात ती आरेच्या कडेने येते, साकीनाक्याची औद्योगिक वस्ती ओलांडते, विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते, कुर्ल्यात शिरते आणि वांद्रे-कुर्ला संकुलाला वळसा घालून धारावीवरून माहीमच्या खाडीला मिळते. वाटेत घरांचे मैलापाणी, तबेल्यांचे शेणमूत, छोट्या कारखान्यांचे धुवण, भंगारातली तेलाची आणि रसायनांची पिंपे धुतलेले पाणी, सगळे तिच्यात येते. कुर्ला हा जुना कामगारांचा गाव. जमशेटजी टाटांनी १८८६ मध्ये विकत घेऊन उभी केलेली स्वदेशी मिल इथली आणि पद्मिनी मोटारी बनवणारा प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखानाही इथलाच. मोठे कारखाने गेले, पण दुरुस्ती, भंगार आणि पुनर्वापर यांवर पोट भरणारी लाखो माणसे नदीच्या दोन्ही अंगांना राहिली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा हीच नदी कुर्ल्याच्या घराघरांत शिरली. पुढच्याच महिन्यात मिठी नदी विकास आणि संरक्षण प्राधिकरणाची स्थापना झाली.

तेव्हापासून मिठीची चर्चा मुख्यतः पुराच्या अंगाने होते: रुंदी, खोली, गाळउपसा, संरक्षक भिंती. पूर अडवलाच पाहिजे, त्यात शंका नाही. पण उन्हाळ्यातल्या दुपारी नदीकाठच्या खिडक्या बंद करायला लावणारा वास रुंदीकरणाने जात नाही. त्याचे कारण चयापचयात आहे.

पाण्यातला ऑक्सिजन संपला म्हणून जिवाणूंचे काम थांबत नाही. इलेक्ट्रॉन कोणाला तरी द्यायचा असतोच. मग काही जिवाणू तो नायट्रेटला देतात. नायट्रेट संपले की गाळातले मँगनीज आणि लोह पुढे होतात. त्यानंतर सल्फेटची पाळी येते. भरतीचे समुद्राचे पाणी माहीमच्या खाडीतून वर सरकते आणि समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असते, त्यामुळे मिठीच्या खालच्या टप्प्यात त्याची ददात नाही. सल्फेटवर जगणारे जिवाणू श्वासावाटे हायड्रोजन सल्फाइड सोडतात. कुजक्या अंड्याचा वास तो हाच. हा वायू लोहाशी संयोग पावला की काळा आयर्न सल्फाइड बनतो आणि गाळ डांबरासारखा दिसू लागतो. याच वायूमुळे तांब्याची आणि चांदीची भांडी काळवंडतात. सल्फेटही संपले तर अखेर मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव उरतात आणि पाण्यावर बुडबुडे येऊ लागतात.

मिठी मेली, असे सर्रास म्हटले जाते. जीवशास्त्राच्या दृष्टीने मिठीत जीवसृष्टी खच्चून भरलेली आहे. फक्त तिथला कारभार ऑक्सिजनवर जगणाऱ्यांच्या हातून सल्फेटवर जगणाऱ्यांच्या आणि मिथेन बनवणाऱ्यांच्या हाती गेला आहे. मासे गेले, खेकडे गेले, जिवाणू राहिले. नदी परत आणायची म्हणजे मैल्याचा भार इतका कमी करायचा की रांगेच्या टोकाला पुन्हा ऑक्सिजन उभा राहील. गाळउपशाचे यंत्र गाळ काढते, मैला थांबवत नाही. नव्या मैल्यावर नवा गाळ तयार होतो.

गोळीचा प्रवास

आता नदीकडून माणसाकडे वळू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडिआब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख माणसांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. कुर्ल्यात या आजाराला कोणी मधुमेह म्हणत नाही. "शुगर आहे, गोळ्या चालू आहेत" असे म्हणतात. या गोळ्यांत सर्वाधिक घेतली जाणारी गोळी मेटफॉर्मिनची. मूळ धागा युरोपातल्या गलेगा या वनस्पतीचा. १९५७ साली फ्रेंच डॉक्टर ज्याँ स्टर्न यांनी मेटफॉर्मिन मधुमेहावर वापरल्याचे प्रसिद्ध केले. स्वस्त, भरवशाचे आणि लाखो लोकांचे आयुष्य वाढवणारे हे औषध आहे. ते पेशीत जिथे काम करते त्या ठिकाणांपैकी एक म्हणजे वर सांगितलेली इलेक्ट्रॉनांची रांग. तिच्या पहिल्याच पायरीवर मेटफॉर्मिन किंचित अडसर घालते आणि यकृतातून रक्तात सोडल्या जाणाऱ्या साखरेला लगाम बसण्यात त्याचाही वाटा असतो.

मेटफॉर्मिनचे एक वैशिष्ट्य रुग्णाला सहसा सांगितले जात नाही, कारण त्याच्या उपचाराशी त्याचा संबंध नसतो. माणसाचे शरीर हे औषध मोडत नाही. जितके शोषले जाते तितके मूत्रपिंडांतून जसेच्या तसे लघवीवाटे बाहेर पडते, उरलेले शौचावाटे. रोज एक ग्रॅम घेणारे एक हजार रुग्ण वर्षाला ३६५ किलो मेटफॉर्मिन घेतात आणि त्यातले बहुतेक सगळे गटारात जाते. ते मोडण्याचे काम माणसाने केले नाही, तर जिवाणूंवर येऊन पडते.

जिवाणू ते काम करतात, पण अर्धवट. शुद्धीकरण केंद्राच्या टाकीत मेटफॉर्मिनचे ग्वानिलयुरिया होते आणि गाडी बऱ्याचदा तिथेच अडते. अमेरिकेत लेक मिशिगनच्या पाण्यात मेटफॉर्मिन ठळकपणे आढळले. तेव्हा विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मिलवॉकी येथील रेबेका क्लेपर यांच्या प्रयोगशाळेत छोट्या मिनो माशांना शुद्धीकरण केंद्रांच्या पाण्यात सापडते तेवढ्या मेटफॉर्मिनमध्ये वाढवण्यात आले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार काही नरांच्या जननग्रंथींत मादीची लक्षणे दिसली, नर आकाराने लहान राहिले आणि प्रजनन घटले. माणसात साखरेच्या चयापचयावर काम करणारे औषध माशात संप्रेरकांच्या व्यवस्थेला हात घालत होते. अलीकडे मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी सांडपाण्यातल्या जिवाणूंमध्ये ग्वानिलयुरिया तोडणारे विकर ओळखले आहे. जिवाणू नव्या अन्नाशी जुळवून घेतात, याचा हा ताजा पुरावा. पण त्यांना वेळ लागतो, हवा लागते, व्यवस्थित चालणारी टाकी लागते. ऑक्सिजन नसलेल्या उघड्या नाल्यात ते सगळे मिळत नाही.

इथे एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. यातल्या कशाहीमुळे कोणी आपली गोळी बंद करू नये. अनियंत्रित साखर डोळे, मूत्रपिंडे आणि पाय घेऊन जाते. औषध शरीरातून बाहेर पडल्यावर त्याची व्यवस्था लावण्याची जबाबदारी रुग्णाची नाही, शहराची आहे.

गिधाडांनी दिलेला धडा

एका प्राण्याच्या चयापचयावरून दुसऱ्याचे भाकीत करणे किती महागात पडते, ते भारताने पाहिले आहे. १९९०च्या दशकात देशातली गिधाडे दिसेनाशी होऊ लागली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात ही घसरण नोंदवली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. कारण २००४ साली उघड झाले: डायक्लोफेनॅक. दुखणाऱ्या गाईम्हशींना दिले जाणारे हे औषध गुरांना मानवत होते. औषध दिल्यावर लवकरच मेलेले जनावर गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर चढे. २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्यायही उपलब्ध होता.

तरीही गोष्ट संपली नाही. एसिक्लोफेनॅक नावाचे दुसरे औषध बाजारात होते आणि त्याचे नाव वेगळे असल्यामुळे बंदी त्याला लागू नव्हती. संशोधनातून दिसले की, गाईच्या शरीरात एसिक्लोफेनॅकचे चयापचय होऊन डायक्लोफेनॅकच तयार होते. २०२३ मध्ये त्यावरही बंदी घालावी लागली. बाटलीवरचे नाव वाचून परवानगी दिली, शरीरात त्याचे काय होते ते उशिरा पाहिले. गिधाडे गेल्यावर उघड्यावर पडलेल्या मेलेल्या जनावरांवर भटक्या कुत्र्यांचे फावले. औषधाची चाचणी रुग्णापाशी थांबवली की परिणाम मात्र थांबत नाहीत, हे यातून दिसते.

गर्भातला हिशेब

आता पुन्हा माणसाच्या मधुमेहाकडे वळू. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. पण याज्ञिकांच्या शरीरात चरबी २१.२ टक्के आणि युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीयुक्त, अशी ही भारतीय ठेवण. तिचा उगम याज्ञिकांच्या गटाने शोधला तो पुण्याजवळच्या सहा खेड्यांत. १९९३ पासून तिथल्या स्त्रियांच्या गरोदरपणाची आणि पुढे त्यांच्या मुलांची नोंद ठेवली गेली. तिथल्या बाळांचे सरासरी जन्मवजन २.७ किलो होते, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. स्नायू आणि इतर अवयव त्या प्रमाणात लहान, पण त्वचेखालची चरबी मात्र बऱ्यापैकी टिकलेली. मधुमेहाकडे झुकलेली ठेवण जन्माआधीच तयार होत होती.

याच अभ्यासात बी-१२ जीवनसत्त्व पुढे आले. दोनतृतीयांश मातांच्या रक्तात ते कमी होते. फोलेट हे दुसरे जीवनसत्त्व बहुतेकींमध्ये पुरेसे होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, ज्या मातांचे फोलेट जास्त आणि बी-१२ कमी, त्यांची मुले सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होती. बी-१२ शरीरात मोजक्या ठिकाणी लागते, पण ती ठिकाणे कळीची आहेत. त्यातले एक मिथिल गटाच्या देवघेवीचे. गर्भाच्या पेशींत कोणते जनुक चालू राहील आणि कोणते बंद, यावर ही देवघेव प्रभाव टाकते.

आणि हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती तयार करत नाही, कोणताही प्राणी करत नाही. ते फक्त जिवाणू आणि आर्किया हे सूक्ष्मजीव बनवतात. गाईच्या पोटातले जिवाणू ते घडवतात, म्हणून ते दुधात येते. माणसाच्या मोठ्या आतड्यातही काही जिवाणू ते तयार करतात, पण बी-१२ शोषले जाते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे त्याच्या आधीच, त्यामुळे त्याचा उपयोग होत नाही. सक्रिय गाळाच्या टाकीतही ते सापडते. गर्भातल्या बाळाचे साखरेचे गणित आणि नजरेआडच्या जिवाणूंचे रसायन असे जोडलेले आहे. साखरेच्या गोळीनेही याच साखळीला हात घातला आहे: मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्या काहींचे बी-१२ घटते, हे १९७०च्या दशकापासून ठाऊक आहे. हातापायांना मुंग्या येणे हे मधुमेहाचेही लक्षण आणि बी-१२च्या अभावाचेही. तपासले नाही तर एकाचे खापर दुसऱ्यावर फुटते. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२२ मध्ये डॉक्टरांना या तपासणीची आठवण करून दिली.

उपाय प्रयोगशाळेबाहेरही आहेत आणि मुंबईनेच ते करून पाहिले आहेत. डॉ. रमेश पोतदार यांच्या पुढाकाराने २००६ पासून वांद्रे, खार, सांताक्रूझ आणि अंधेरीच्या वस्त्यांत 'सरस' प्रकल्प चालला. ६,५१३ स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज एक खाऊ देण्यात आला. एका गटाच्या खाऊत हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध. दुसऱ्याच्या खाऊत बटाटा, कांदा यांसारखे साधे घटक. पालेभाज्यांच्या गटात गरोदरपणातल्या मधुमेहाचे प्रमाण ७.३ टक्के राहिले, दुसऱ्या गटात १२.४ टक्के. ज्यांनी गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी हा खाऊ सुरू केला, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने अधिक भरले. महागडे औषध नाही, परदेशी पूड नाही. मंडईतली पालेभाजी आणि दूध. कमलाबाईंनी मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये नीरा आणि ताडगूळ यांवर केलेले काम याच जातीचे होते. कुपोषित आदिवासी मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात स्वस्त, स्थानिक पदार्थ काय करू शकतो ते त्यांनी तपासले आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी सल्ला दिला.

कुर्ल्यात काय करता येईल

१९६५ साली एबल वोल्मन यांनी 'शहरांचे चयापचय' ही कल्पना मांडली. दहा लाख वस्तीच्या अमेरिकन शहरात रोज किती पाणी, अन्न आणि इंधन येते, किती मैला, कचरा आणि धूर बाहेर पडतो, याचा ताळेबंद त्यांनी मांडला. मुंबईत भातसा, वैतरणा, तानसा आणि इतर तलावांतून रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी येते. त्यातले बहुतेक पाणी काही तासांत मैलापाणी होऊन निघते. जानेवारी २०२३ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्याच कार्यक्रमात शहरातल्या सात नव्या सांडपाणी केंद्रांचे भूमिपूजन झाले. त्यांची एकत्रित क्षमता रोज २,४६४ दशलक्ष लिटर असणार आहे. मुंबईच्या इतिहासातली ही फार मोठी संधी आहे.

तिचा उपयोग कसा करायचा, हे आताच ठरवावे लागेल. केंद्र सरकारच्या २०१७च्या अधिसूचनेत शुद्ध केलेल्या पाण्यासाठी सामू, बीओडी, तरंगते घनपदार्थ आणि विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू यांच्या मर्यादा आहेत. औषधांचा त्यात उल्लेख नाही. निदान मेटफॉर्मिन, ग्वानिलयुरिया, डायक्लोफेनॅक आणि काही प्रतिजैविके, एवढ्यांची नियमित नोंद नव्या केंद्रांच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्यात व्हायला हवी. सांडपाण्यातून शहराची तब्येत वाचणे मुंबईला नवे नाही. परळच्या एंटरोव्हायरस संशोधन केंद्राने २००१ पासून मुंबईचे सांडपाणी तपासून पोलिओच्या विषाणूचा माग ठेवला आणि देशाच्या पोलिओमुक्तीत त्या कामाचा वाटा आहे. त्याच गटारातून साखरेच्या आजाराचा माग घेता येतो. एखाद्या वस्तीतून किती मेटफॉर्मिन येते आणि तिथे किती रुग्णांची नोंद आहे, या दोन आकड्यांतली तफावत उपचार कुठे पोचले नाहीत ते दाखवील. त्यासाठी कोणाच्या दारात जावे लागत नाही, कोणाचे नाव लिहावे लागत नाही.

दवाखान्यांकडून अपेक्षा साधी आहे. अनेक वर्षे मेटफॉर्मिनवर असलेल्या आणि हातापायांना मुंग्या येणाऱ्या रुग्णाचे बी-१२ तपासावे. लग्न झालेल्या मुलीला पहिल्या गरोदरपणाची नोंद होईपर्यंत थांबवू नये. दूध आणि पालेभाजी तिच्या ताटात त्याच्या कितीतरी आधी यायला हवी, कारण 'सरस'चा फायदा आधीपासून खाणाऱ्यांना झाला. मुदत संपलेल्या गोळ्या मोरीत किंवा संडासात टाकायच्या नाहीत, त्या परत घेण्याची सोय औषधांच्या दुकानांतून व्हावी.

संशोधनाची सामग्रीही हाताशी आहे. मुंबई विद्यापीठाचे कालिना संकुल मिठीच्या खोऱ्यातच आहे. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नीरी, हिचे केंद्र मुंबईत आहे. कुर्ल्याचे भाभा रुग्णालय मधुमेहाचे रुग्ण आणि गरोदर स्त्रिया यांना रोज तपासते. या तिघांनी एकाच वस्तीत, एकाच वर्षात तीन गोष्टी मोजल्या, गरोदर स्त्रियांचे बी-१२, साखरेच्या रुग्णांची औषधे आणि जवळच्या नाल्यातला ऑक्सिजन, तर अशी आकडेवारी हाती येईल जी यातल्या कोणत्याही एका शाखेला एकटीने मिळवता येणार नाही. सुरुवात विहारच्या सांडव्यापाशी, कुर्ल्यातल्या पुलापाशी आणि माहीमच्या मुखापाशी अशा तीन ठिकाणच्या नमुन्यांनी करता येईल. नमुने दोनदा घ्यावेत, एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा मे महिन्यात, जेव्हा नदीत मैल्याशिवाय दुसरे पाणी फारसे उरलेले नसते. जीवरसायन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी बाटल्या भराव्यात, वैद्यक शिकणाऱ्यांनी त्याच वस्तीतल्या बाह्यरुग्ण विभागाची नावाविना नोंद तयार करावी आणि दोन्ही आकडे एकाच तक्त्यावर मांडून महापालिकेच्या कुर्ल्यातल्या एल विभागाकडे सोपवावेत.